गोमतीचा गाळ आणि शिंपल्याची साक्ष : लखनौच्या नदी-इतिहासाची साधने

१

इतिहासाच्या साधनांविषयी मराठीत जो विचार झाला, त्याला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडापासून, म्हणजे १८९८ पासून, निश्चित वळण लागले. घटना घडून गेल्यावर कोणाच्या तरी आज्ञेवरून रचलेली बखर आणि घटना घडत असताना व्यवहाराच्या गरजेतून लिहिले गेलेले अस्सल पत्र यांत राजवाड्यांनी जो भेद केला, तो पुढे मराठी इतिहाससंशोधनाचा पायाच ठरला. पत्र लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची जाणीव नसते. म्हणूनच त्याच्या साक्षीला मोल असते, हे या भेदामागील तत्त्व होय.

हेच तत्त्व नदीच्या इतिहासाला लावले तर काय दिसते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. उदाहरण म्हणून लखनौच्या गोमतीचा विचार केला आहे. शहर नदीविषयी जे लिहिते ते एका बाजूला, आणि शहर नकळत नदीत जे सोडते ते दुसऱ्या बाजूला. पहिल्यातून नदीचे वाङ्मय तयार होते, दुसऱ्यातून नदीचा गाळ. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला पहिल्या प्रकारच्या साधनांचा परिचय असतो. दुसऱ्या प्रकारचे साधन रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्या ताब्यात असल्यामुळे मानव्यविद्यांच्या कक्षेत ते क्वचितच येते. तथापि गाळातील शिसे किंवा कॅडमियम यांचा अर्थ लावताना वैज्ञानिकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते साक्षीचे, संदर्भाचे आणि मौनाचे प्रश्न आहेत. म्हणजे आपल्याही परिचयाचेच आहेत.

२

लखनौच्या लिखित इतिहासात गोमती सर्वत्र आहे, पण ती पृष्ठभागाच्या रूपाने. १७७५ मध्ये असफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि नदीच्या काठाने इमामबाडे, कोठ्या, बागा आणि घाट यांची रांग उभी राहिली. अब्दुल हलीम शरर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘दिलगुदाज’ या नियतकालिकातून जे लेख लिहिले आणि जे पुढे ‘गुजिश्ता लखनऊ’ या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांत या संस्कृतीचे तपशीलवार स्मरण आहे. खाद्यपदार्थ, पोशाख, संगीत, पतंगबाजी, संभाषणाचे शिष्टाचार यांची नोंद करणाऱ्या या ग्रंथाने लखनौच्या नंतरच्या सर्व आठवणींना साचा पुरवला. या साच्यात नदी ही शहराची शोभा आहे.

मराठी वाचकाला उत्तर हिंदुस्थानातील नद्यांची ओळख अधिक जुन्या वाटेने झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. गोडसे भिक्षुक होते. त्यांच्या दृष्टीने नदी हे तीर्थ होते आणि परतताना गंगेची कावड घरी आणणे हे यात्रेचे साफल्य होते. हाच ग्रंथ लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला. पुढे त्यांनी अवधच्या खेड्यापाड्यांतून फिरून १८५७ च्या मौखिक आठवणी गोळा केल्या व १९५७ मध्ये ‘गदर के फूल’ हा ग्रंथ सिद्ध केला. दरबारी आणि वसाहती कागदपत्रांच्या खाली लोकस्मृतीचा एक थर आहे आणि तो खणून काढता येतो, ही नागरांची धारणा होती. मराठी भिक्षुकाच्या साध्या निवेदनाचे मोल लखनौच्या या लेखकाला कळले, ही गोष्ट योगायोगाची नाही. दोघेही अधिकृत इतिहासाच्या तळाशी राहिलेल्या साक्षीकडे वळले होते.

मात्र तळाची ही कल्पना माणसांच्या स्मृतीपुरतीच राहिली. यात्रेकरू पाणी घेऊन जातो, गाळ कोणी नेत नाही. गोमतीचा प्रत्यक्ष तळ कोणाही लेखकाच्या वर्णनाचा विषय झाला नाही.

येथे भाषेचाही थोडा विचार करावयास हवा. मराठीत ‘गाळ’ हा शब्द दोन परस्परविरोधी अर्थच्छटा वागवतो. पुरानंतर शेतात राहिलेला पोयटा हाही गाळच. त्याच्यामुळे जमीन कसदार होते आणि मळईच्या जमिनीला मोल येते. परंतु ‘गाळसाळ’ म्हटले की उरलेसुरले, टाकाऊ, असा अर्थ होतो. हिंदी-उर्दूतील ‘तलछट’ या शब्दात तळाशी साचलेल्या साक्याची छटा प्रबळ आहे. सुपीकतेची छटा त्याला नाही. नदीच्या गाळात आज शहरी धातू मिसळले आहेत, त्यामुळे मराठी शब्दाच्या या दोन छटा एकाच पदार्थात एकत्र आल्या आहेत. ज्या गाळाने जीवसृष्टी पोसली जाते तोच गाळ विषाचे भांडार होतो. अपृष्ठवंशीय जलचरांचा प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो, कारण त्यांचे अन्न आणि निवारा दोन्ही गाळातच असतात.

३

गोमतीचा उगम पीलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तलावात होतो. तेथून सीतापूर, लखनौ, सुलतानपूर, जौनपूर असा प्रवास करून ती वाराणसीच्या खाली कैथीजवळ गंगेला मिळते. तिची लांबी ९०० किलोमीटरांच्या आसपास भरते. हिमालयातील बर्फाशी तिचा थेट संबंध नाही. पावसाळ्याबाहेरचे तिचे पाणी मुख्यतः भूजलाचे असते आणि तिचे सारे पात्र गंगेच्या मैदानातील जुन्या गाळमातीतच कोरलेले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. ज्या नदीच्या पाणलोटात नाना प्रकारचे खडक आणि धातूंच्या खाणी असतात, तिच्या गाळात निसर्गाने आणलेले धातू कोणते आणि माणसाने सोडलेले कोणते हे ठरवणे अवघड जाते. गोमतीच्या बाबतीत मूळ पार्श्वभूमी बरीच एकसारखी आहे. कोऱ्या कागदावर जशी शाई उठून दिसते, तशी या गाळावर शहराची भर उठून दिसते.

धातूंशी लखनौचा संबंध जुना आहे. नबाबी काळात येथे बिदरीचे काम होत असे. त्यासाठी लागणारा मिश्रधातू जस्त आणि तांबे यांचा असतो. चांदीचा वर्ख कुटणे, जरदोजी, तांब्यापितळेची भांडी घडवणे व त्यांना कल्हई करणे हे चौक आणि त्याच्या भोवतालचे व्यवसाय होते. परंतु कारागिराच्या हातातील धातू मोलाचा असतो, तो सहसा वाया जाऊ दिला जात नाही. नदीच्या दृष्टीने निर्णायक बदल पुढच्या काळात झाले. १८६७ मध्ये कानपूर-लखनौ लोहमार्ग सुरू झाला आणि रेल्वेच्या कर्मशाळा आल्या. १८७९ मध्ये कागदगिरणी स्थापन झाली. विसाव्या शतकात मुलामा देण्याचे छोटे कारखाने, विजेऱ्या, रंग, छपाई, मोटारदुरुस्ती हे व्यवसाय वाढले. या व्यवसायांत धातू मालातून सुटून सांडपाण्यात जातो आणि तो परत मिळवण्याची गरज कोणाला वाटत नाही.

या बदलाचे एक बोलके उदाहरण म्हणजे गाजीउद्दीन हैदरच्या कारकिर्दीत, १८१४ ते १८२७ या काळात, हाती घेतलेला कालवा. गंगेचे पाणी गोमतीपर्यंत आणावे हा त्यामागील हेतू होता. तो सिद्धीस गेला नाही. आज ‘हैदर कनाल’ हे नाव शहराचे सांडपाणी गोमतीत आणणाऱ्या एका मोठ्या नाल्याचे आहे. कुकरैल ही एकेकाळची उपनदीही शहरात शिरल्यावर नालाच झाली. पिण्यासाठी गऊघाट येथे नदीतून पाणी उचलले जाते आणि तेथून पुढे शहराच्या हद्दीत पंचविसांहून अधिक नाले तिला मिळत आले आहेत. याखेरीज शहराच्या वरच्या अंगाला सीतापूर-लखीमपूर भागातील साखर कारखाने आणि मद्यार्कनिर्मितीचे कारखाने यांचे सांडपाणी सरायन, कठना या उपनद्यांतून येते. त्यात धातूंपेक्षा सेंद्रिय द्रव्याचा भार अधिक असतो, पण हे सेंद्रिय द्रव्य तळाशी बसले की धातूंना धरून ठेवण्याचे काम करते.

शिशाचा इतिहास याहून निराळा आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे धुरावाटे रस्त्याच्या धुळीत आणि पहिल्या पावसाबरोबर नाल्यांत जात असे. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. एका शासकीय निर्णयाची तारीख अशा रीतीने प्रत्येक शहरी नदीच्या गाळात उमटण्याची शक्यता असते. राजवाड्यांच्या अर्थाने हे अस्सल पत्रच आहे: व्यवहाराच्या ओघात, कोणाच्याही इच्छेविना लिहिले गेलेले.

४

हे पत्र वाचण्याची पद्धत मात्र लखनौला बाहेरून आणि आतून, अशा दोन्ही वाटांनी आली. हायडलबर्गचे भूरसायनतज्ज्ञ जर्मन म्युलर यांनी १९६९ मध्ये ऱ्हाईन नदीच्या गाळासाठी एक निर्देशांक मांडला. गाळातील धातूच्या प्रमाणाला त्याच्या नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागावयाचे आणि येणाऱ्या संख्येचा दोन या पायावरील लॉगॅरिदम घ्यावयाचा, अशी त्याची रीत आहे. दीडपट घेण्याचा उद्देश नैसर्गिक चढउताराला वाव देण्याचा आहे. नैसर्गिक प्रमाण म्हणून तुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेली शेल खडकाची सरासरी पुष्कळदा वापरली जाते: दर किलोग्रॅमला शिसे २० मिलिग्रॅम, जस्त ९५, तांबे ४५, क्रोमियम ९० आणि कॅडमियम केवळ ०.३. शिसे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर गाळ अप्रदूषित, ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर पहिली पायरी, ६० ते १२० असेल तर दुसरी. याप्रमाणे प्रत्येक पायरीला प्रमाण दुप्पट होत जाते आणि सहाव्या पायरीवर मापन संपते.

१९९० च्या दशकात लखनौ विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील मुनेन्द्र सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द म्युलर यांच्या सहभागाने ही पट्टी गोमतीच्या ताज्या गाळाला लावली. त्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये गंगेच्या मैदानातील इतर शहरांच्या नद्यांपर्यंत त्याचा विस्तार झाला. माणसाच्या वस्तीचा आणि व्यवसायांचा ठसा नदीच्या तळावर उमटतो व तो मोजता येतो, हे या अभ्यासांनी दाखवून दिले. ऱ्हाईनच्या काठी घडलेले वाचनाचे साधन गोमतीच्या काठी आणले गेले, ही ज्ञानाच्या स्थलांतराची एक लक्षणीय घटना आहे; आणि कोणत्याही स्थलांतरात होते त्याप्रमाणे येथेही मूळ संदर्भाचा प्रश्न राहतोच. जगाच्या सरासरी शेलशी तुलना करावयाची की गोमतीच्याच जुन्या, शहरपूर्व गाळाशी? उत्तर बदलले की प्रदूषणाची पायरीही बदलू शकते. अनुवादित कृती कोणत्या परंपरेच्या मापाने मोजावी, या वादाशी याचे साम्य सहज लक्षात येईल.

या निर्देशांकाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कॅडमियमचे नैसर्गिक प्रमाण अत्यल्प असल्यामुळे थोडीशी भर पडली तरी पायरी झपाट्याने वर जाते. निर्देशांक भर किती पडली हे सांगतो, अपाय किती होईल हे सांगत नाही. मातीच्या कणाच्या स्फटिकात अडकलेले क्रोमियम आणि कणाच्या पृष्ठभागाला सैल चिकटलेले कॅडमियम यांची बेरीज प्रयोगशाळेच्या एकाच रकान्यात होऊ शकते, पण गाळात राहणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने पहिले जवळपास नसल्यासारखे आणि दुसरे तत्काळ हाताशी असते. म्हणून १९७९ मध्ये टेसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळातील धातू टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत मांडली. प्रथम सहज विनिमय होणारा भाग, मग कार्बोनेटांशी बांधलेला, मग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांशी, त्यानंतर सेंद्रिय द्रव्य व सल्फाइडांशी बांधलेला आणि शेवटी खनिजात रुतलेला अवशेष. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील कुंवर पी. सिंह व सहकाऱ्यांनी गोमतीच्या गाळाचे अशा प्रकारचे विभाजन २००५ मध्ये प्रसिद्ध केले. सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तिच्या शहरातूनच वाहणाऱ्या नदीचे इतके बारकाईने वाचन तिच्याच प्रयोगशाळेत व्हावे, हे उचितच होते.

५

तथापि रसायनशास्त्रज्ञ ज्याला ‘उपलब्ध’ म्हणतो, ते प्राण्याने खरोखर घेतले की नाही हे प्राण्याच्या शरीरातच कळते. गाळाचा खरा वाचक तेथे राहणारा अपृष्ठवंशीय प्राणी आहे.

या प्राण्यांच्या अभ्यासाची लखनौला स्वतंत्र परंपरा आहे. लखनौ विद्यापीठाचे प्राध्यापक करम नारायण बहल यांनी भारतीय प्राण्यांवरील प्रबंधिकांची माला सुरू केली. तिची पहिली प्रबंधिका १९२६ मध्ये त्यांनीच गांडुळावर लिहिली. याच मालेत बेनीप्रसाद यांची पाइला या गोड्या पाण्यातील गोगलगायीवरची प्रबंधिका १९३२ मध्ये आली. युरोपीय पाठ्यपुस्तकांतील प्राण्यांऐवजी आपल्या शेतातील आणि तळ्यातील प्राणी भारतीय विद्यार्थ्याने अभ्यासावेत, हा त्यामागील हेतू होता. एका अर्थाने हा देशीवादाचाच विज्ञानातील आविष्कार म्हणता येईल. या पिढीने प्राण्याच्या रचनेचे जे वर्णन केले, त्याच्या आधाराने पुढच्या पिढीला विषाचा मार्ग शोधता आला.

तो मार्ग दुहेरी आहे. शिंपला पाणी आत ओढून कल्ल्यांवरून गाळतो व त्यातील कण अन्न म्हणून वेचतो. त्यामुळे विरघळलेला धातू कल्ल्यांतून आणि कणांना चिकटलेला धातू आतड्यातून, अशा दोन वाटांनी शरीरात शिरतो. कॅडमियमचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाच्या इतका जवळचा असतो की पेशीच्या पटलावरील कॅल्शियमच्या वाटेने तो आत जाऊ शकतो. कवच घडवण्यासाठी ज्या प्राण्याला सतत कॅल्शियम हवे असते, त्याच्या बाबतीत ही फसगत विशेष महत्त्वाची ठरते. आत आलेल्या धातूला प्राणी निमूटपणे शरण जात नाही. काही धातू तो बाहेर टाकतो, काही कणिकांच्या रूपाने ऊतींत बाजूला ठेवतो आणि काही मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधून ठेवतो. घोड्याच्या मूत्रपिंडातून मार्गोशेस आणि व्हॅली यांनी १९५७ मध्ये वेगळे केलेले हे प्रथिन पुढे अनेक अपृष्ठवंशीयांतही आढळले. शरीरात धातू असणे आणि शरीर विषबाधित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपाय सुरू होतो तो बांधून ठेवण्याच्या वेगापेक्षा आत येण्याचा वेग वाढला म्हणजे.

शिवाय सर्व धातू परकेही नाहीत. गोगलगायीच्या रक्तातील प्राणवायुवाहक हिमोसायनिन हे तांबेयुक्त प्रथिन असते. तिच्या शरीरात सापडलेल्या तांब्याचा काही भाग तिच्या स्वतःच्या गरजेचा असतो. शिशाविषयी असे म्हणता येत नाही. म्हणून एकाच स्थळी शिंपला, गोगलगाय आणि कृमी यांच्या शरीरातील आकडे निरनिराळे येतात आणि त्यांची सरळ तुलना करणे चुकीचे ठरते. एकाच घटनेची तीन भाषांतील निवेदने ज्याप्रमाणे त्या त्या भाषेच्या व्याकरणातूनच वाचावी लागतात, त्याप्रमाणे प्रत्येक प्राण्याचा आकडा त्याच्या शरीरक्रियेतून वाचावा लागतो.

लखनौच्या विषविज्ञान केंद्रात बी. एस. खंगारोत यांनी ट्युबिफेक्स या गाळातील कृमीवर धातूंच्या विषारीपणाचे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. गोदावरीतील शिंपल्यांवर तत्कालीन औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात यू. एच. माने आणि सहकाऱ्यांनी प्रदूषकांचे प्रयोग केले. ट्युबिफेक्स हा धाग्यासारखा लालसर कृमी डोके गाळात आणि शेपटी पाण्यात ठेवून जगतो. नाल्याच्या मुखाशी, जेथे प्राणवायू फारसा नसतो, तेथेही त्याचे पुंजके दिसतात. तो खालचा गाळ गिळतो आणि वर टाकतो. यामुळे दोन गोष्टी घडतात. एक तर पुरलेला जुना धातू पुन्हा पृष्ठभागी येतो आणि माशांच्या अन्नसाखळीत शिरण्याचा मार्ग मोकळा होतो. दुसरे असे की, गाळाच्या थरांचा क्रम विस्कटतो. ज्याला आपण दप्तर समजत होतो त्यातील कागद त्यातच राहणारे प्राणी वरखाली करीत असतात. पूर, बंधारा आणि उपसा यांनीही क्रम बिघडतोच. गाळ हे अस्सल पत्र असले तरी ते जसेच्या तसे आपल्या हाती पडते असे मानण्याचे कारण नाही.

कवचाची साक्ष या बाबतीत काहीशी वेगळी आहे. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग यांनी सागरी शिंपल्यांच्या साहाय्याने जगभरच्या किनाऱ्यांवर नजर ठेवण्याची कल्पना मांडली. शिंपला एका जागी राहतो, बराच काळ जगतो आणि पाण्यातील क्षणिक चढउतार आपल्या शरीरात एकत्र करतो, हा तिचा आधार होता. कवच थराथराने वाढते. त्याचा क्रम कृमी बदलू शकत नाहीत. पण शिंपल्याच्या साक्षीलाही एक मोठी मर्यादा आहे. जेथे विष सर्वांत अधिक, तेथे शिंपला मुळात जगतच नाही. जेथून साक्ष हवी असते नेमके तेथेच मौन असते आणि जे बोलतात ते वाचलेले असतात. इतिहासकाराला ही अडचण नवीन नाही. दुष्काळाच्या, युद्धाच्या, महामारीच्या कागदपत्रांतही हेच घडते. म्हणून नाल्याच्या मुखाशी केवळ ट्युबिफेक्स आणि डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या उरल्या आणि शिंपले नाहीसे झाले, ही अनुपस्थिती स्वतंत्र पुरावा म्हणून नोंदवली गेली पाहिजे.

६

या साऱ्या विवेचनाला एक व्यावहारिक बाजू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे वापरानुसार जे अ ते ई असे पाच वर्ग केले, त्यांत प्राणवायू, जैविक प्राणवायू-मागणी, कोलिफॉर्म जिवाणू, आम्लता अशा कसोट्या आहेत. शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांचा त्यांत समावेश नाही आणि गाळ हा तर त्यांचा विषयच नाही. गोमतीच्या शुद्धीकरणाची योजना १९९३ पासून राबवली गेली. दौलतगंज आणि भरवारा येथे सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. भरवाऱ्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला ३४५ दशलक्ष लिटर आहे. यशापयशाचे मोजमाप मात्र पाण्याच्या नमुन्यावरून होत राहिले. पाण्याचा नमुना त्या दिवसाचे बोलतो. पुढच्या आठवड्यात ते पाणी जौनपूरकडे गेलेले असते. धातू मात्र गाळात मागे राहतो.

आणि येथे एक विरोधाभास आहे. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात सल्फाइडे तयार होतात व ती कॅडमियम, शिसे, जस्त यांना घट्ट बांधतात. १९९० मध्ये डॉमिनिक डी टोरो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, गाळात पुरेसे सल्फाइड असेल तर कॅडमियमचे एकूण प्रमाण अधिक असूनही प्राण्यांना होणारा अपाय कमी असतो. म्हणजे नदीची एक दुरवस्था दुसऱ्या दुरवस्थेला कुलूप घालून ठेवते. पावसाळ्यात प्राणवायुयुक्त पाण्याचा लोंढा आला, किंवा गाळ उपसून उघड्यावर टाकला, की सल्फाइडांचे ऑक्सिडीकरण होते आणि धातू सुटू शकतो. २०१५ ते २०१७ या काळात लखनौमध्ये नदीकाठ विकासाचे काम झाले. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आल्या आणि पात्र अरुंद झाले. सौंदर्याच्या दृष्टीने त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, खर्चाविषयी चौकशा झाल्या. पण काठाची उथळ, चिखलाची पट्टी नाहीशी झाली म्हणजे शिंपल्यांचे आणि गोगलगायींचे घर नाहीसे झाले आणि त्याबरोबर नदीच्या इतिहासाचे एक साधनही गेले, या बाजूची चर्चा क्वचितच झाली.

याचे मोल केवळ अभ्यासापुरते नाही. मासेमारी करणारे, पात्राच्या वाळूत काकड्या-खरबुजे लावणारे आणि चिकनचे कापड घाटावर धुणारे लोक नदीच्या तळाशी प्रत्यक्ष संबंध ठेवून जगत आले आहेत. त्यांच्या पायाखाली काय साचले आहे हे जाणून घेण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, त्याआधी कित्येक वर्षे पारा खाडीच्या तळाशी आणि शिंपल्यांच्या व माशांच्या शरीरात साठत होता. लिखित नोंद उशिरा झाली. गाळातील नोंद आधीच झालेली होती. गोमतीची स्थिती मिनामातासारखी आहे असे येथे सुचवावयाचे नाही, धातूही निराळे आहेत आणि प्रमाणही. सुचवावयाचे आहे ते एवढेच की, दोन नोंदींमधले अंतर ज्यांना भरून काढावे लागते ती माणसे नेहमी काठावरचीच असतात.

राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे मिळवीत होते तेव्हा वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जाणारे कागद वाचवणे, हेही त्यांच्या पिढीने इतिहासाचे कार्य मानले. नदीचा तळ उपसण्यापूर्वी त्याचे काही उभे नमुने काढून ठेवणे, नाल्यांच्या मुखाशी कोणते प्राणी होते आणि कोणते नाहीसे झाले याची वर्षावर्षाला नोंद ठेवणे, जुन्या संग्रहांतील शिंपल्यांची कवचे स्थळ-काळाच्या चिठ्ठ्यांसह जपणे, ही कामे त्याच जातीची आहेत. ती विज्ञानाच्या विभागांनी करावयाची असली तरी त्यांची निकड सांगण्याचे काम साधनांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाचे आहे. लखनौविषयीच्या आठवणींचे वाङ्मय विपुल आहे आणि पुढेही लिहिले जाईल. ज्या काळात ते लिहिले गेले त्याच काळात नदीच्या तळाशी काय साचत होते, हे त्याच्या शेजारी ठेवून वाचता आले, तरच त्या शहराचा इतिहास त्याच्या नदीसह लिहिला गेला असे म्हणता येईल.